बाईसाहेबांची खिडकी

मी एक जाळी. लगेच मासे डोळ्यांपुढे आणू नका. माझ्यात आजवर एकही मासा सापडलेला नाही, आणि सापडला असता तर आधी मीच घाबरले असते. माझा जन्म गवतासाठी झाला. कुरणात मोकळा चारा टाकला की घोडे तो खातात कमी आणि नासवतात जास्त. ते थांबावं म्हणून मला विणलं. हे काम हलकं वाटत असेल तर चार घोड्यांपुढे वाळलं गवत टाकून बघा आणि संध्याकाळी उरलेलं चिखलातून वेचायला जा.

परवापर्यंत मी तबेल्याच्या दारामागे खिळ्याला टांगलेली होते. बरीच वर्षं होते. आज पुन्हा कुरणात आले आहे, अंगाला वारा लागतोय, आणि जुन्या आठवणींनी जीव भरून आलाय, म्हणून थोडं बोलते. माझ्या एका बाजूला मोठं भोक आहे, कडेने चामडं शिवलेलं. येणारा-जाणारा आधी तेच बघतो आणि म्हणतो, फाटली वाटतं. मी फाटलेली नाही. ते भोक मुद्दाम पाडलेलं आहे, आणि ते का पाडलं हे सांगायचं तर मला जरा मागे जावं लागेल.

मला विणणारी ताई ही नालबंदाची थोरली बहीण. तरुणपणीच ती बंदरावरच्या जाळ्यांच्या कारखान्यात गेली आणि निम्मं आयुष्य तिथल्या खिडकीपाशी बसून गाठी मारण्यात घालवलं. पुढे तिथे यंत्रं आली, विणणाऱ्या बायकांना घरी पाठवलं, आणि ताई एक पत्र्याची पेटी घेऊन भावाकडे राहायला आली. पेटीत चार कपडे, विणायची लाकडी सुई, जाळीची घरं मोजायची पट्टी आणि हिरव्या दोऱ्याचा एक मोठा गुंडा. त्या गुंड्यात मी होते. अजून माझं काहीच ठरलेलं नव्हतं, पण कान मात्र शाबूत होते. पत्र्याच्या पेटीत घरातलं सगळं छान ऐकू येतं.

नालबंदाचं घर गावाबाहेर होतं. पुढे भट्टी आणि ऐरण, मागे तबेला, तबेल्यामागे उताराचं कुरण. लोकांच्या घोड्यांना नाल ठोकायचा त्याचा धंदा, आणि स्वतःचेही चार घोडे त्याने बाळगलेले. थोरला आणि धाकटा ही तपकिरी जोडी लाकडाच्या वखारीची गाडी ओढायची. उनाड हा तरणा घोडा कशाच्याच उपयोगाचा नव्हता आणि सगळीकडे पुढे असायचा. चौथी त्याची आई, पांढरी म्हातारी घोडी. तिचं नाव बाईसाहेब. उनाड तिचं शेंडेफळ, म्हणून शेफारलेला.

बाईसाहेबांशी सगळे अदबीने वागायचे, कारण दुसरं काही त्यांना चालायचंच नाही. पाण्यावर आधी कोण जाणार, सावलीत कोण उभं राहणार, हे त्या एक कान मागे टाकून ठरवायच्या. नालबंद पोरगेला असताना त्याने बापाच्या देखरेखीखाली पहिला नाल ठोकला तो त्यांच्याच पायाला. वाकडे गेलेले खिळे, घसरलेला हातोडा, सगळं त्यांनी सोसलं आणि पाय ओढून घेतला नाही. "माझा हात हिच्या खुरावर बसला," असं तो कुणालाही न विचारता सांगायचा.

चारा घालायची पद्धत त्याने बापाचीच चालू ठेवली होती. सकाळी हातगाडी भरून कुरणात न्यायची, शीळ घालायची आणि गवत दोन्ही हातांनी चौफेर फेकायचं. घोडे धावत यायचे, पानं पानं वेचून खायचे, काड्या पायांखाली तुडवायचे, त्यावरच लीद टाकायचे, आणि पोट भरलं की उरलेल्यावर ऐसपैस लोळायचे. एकदा घाण झालेलं गवत पुन्हा हुंगायलाही घोडा तयार नसतो. या बाबतीत त्यांची नाकं फार वरची.

ताई आठवडाभर कुंपणाला टेकून हे बघत राहिली. मग एक दिवस म्हणाली, "तू यांना चारा घालतोस की गाद्या?"

"बाबा असंच घालायचे," नालबंद म्हणाला.

"बाबांच्या वेळी गवत छपराला टेकलेलं असायचं."

दुखणं तिथेच होतं. त्या वर्षी कापलेलं गवत शेतात वाळत पडलं होतं आणि ऐन वेळी पाऊस लागून राहिला. निम्मं गवत काळं पडलं, त्याला बुरशी आली. असलं गवत घोड्याला घातलं की तो खोकून खोकून हैराण होतो, म्हणून ते फेकावं लागलं. उरलेलं कोठीत रचलं तर आडव्या तुळईच्याही वर जाईना. थंडी अजून यायची होती आणि नवं गवत त्याच्याही पलीकडे. चार घोड्यांना हे पुरणार नाही, एकाला जावं लागणार, हे सगळ्यांना दिसत होतं. कुणाला, ते मात्र कुणी बोलत नव्हतं.

नालबंदाची बायको, म्हणजे ताईची वहिनी, पाळण्यातल्या लेकीला झोका देत एकदा म्हणाली, "उनाड जाईल की पटकन. तरणा आहे."

"तरणं विकायचं आणि म्हातारं पोसायचं? लोक तोंडात शेण घालतील," तो म्हणाला आणि उठून भट्टीपाशी जाऊन बसला. भट्टी पेटवलेली नव्हती.

मग दलाल आला. त्याने बाईसाहेबांचा जबडा उघडून आत अंगठा फिरवला. "दाढा पार झिजल्यात," तो म्हणाला. "हिच्यात आता राम नाही."

नालबंदाला वाटलं, भाव पाडायला बोलतोय. घोड्यांच्या दलालाचं बोलणं कोण मनावर घेतं. "थंडी सरली की बघू," म्हणून त्याने त्याला वाटेला लावलं.

"तोवर तुझं गवत सरेल," दलाल जाता जाता म्हणाला. "मी येतोच."

त्याच दिवशी ताईने पेटी उघडली.

तबेल्याच्या दारात स्टूल टाकून, दोऱ्याचं टोक कडीला बांधून तिने मला विणायला घेतलं. ते दिवस आठवले की अजून माझ्या गाठी सैल पडतात. सुई जायची, पट्टीभोवती दोरा फिरायचा, बोटं गाठ आवळायची आणि पुढे सरकायची. ताईचे डोळे कुरणाकडे आणि तोंड चालू. कारखान्यातल्या मैत्रिणी, मुकादमीण, भावाचा हेकटपणा, सगळं तिने मला सांगितलं. आईच्या मांडीवर मूल गोष्टी ऐकत वाढतं तशी मी तिच्या गुडघ्यावर वाढले. घरं तिने बारीक धरली, दोन बोटांची. कारखान्यात चांगल्या जाळीची परीक्षा एकच असायची, तिच्यातून काही निसटता कामा नये. ती सवय हातांत मुरलेली होती आणि हात आपोआप चालत होते.

मी पुरी झाले तेव्हा नालबंदाने मला उचलून बघितलं आणि नाक मुरडलं. "जमिनीवर टाकलीस तर नाल अडकेल हिच्यात. पायही जाईल आणि जाळीही."

ताईने मला त्याच्या हातातून ओढून घेतलं. एवढा साधा विचार आपल्याला सुचला नाही म्हणून ती दिवसभर कुणाशी बोलली नाही. मग संध्याकाळी मागच्या अंगणात ठोकाठोक ऐकू आली. जुन्या दाराच्या फळ्या घेऊन नालबंद एक पेटारा करत होता. घोड्याच्या गुडघ्याच्या वर येईल एवढी उंची, कोपरे घासून गोल केलेले, आणि खाली बूड नाही. चारी बाजूंना त्याने लोखंडी कड्या घडवून बसवल्या. गवत पेटाऱ्यात, त्यावर मी, काठांवर कड्यांना घट्ट बांधलेली आणि मधे सैल. गवत खाली जाईल तशी मीही खाली जाणार, आणि पेटारा उचलून रोज नव्या जागी ठेवला की एकाच ठिकाणी चिखलही होणार नाही. कसं वाटतंय, असं त्याने विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. भावाबहिणीचं भांडण मिटलं ते असं.

पहिल्या दिवशी घोडे माझ्याभोवती उभे राहून फुरफुरले. उनाडाने मला चावून बघितलं, ओढून बघितलं, शेवटी पेटाऱ्याला लाथ घातली. मी तरी काय त्याचं घोडं मारलं होतं. हळूहळू मात्र त्यांच्या ओठांना युक्ती सापडली. एका घरातून दोन काड्या, दुसऱ्यातून चार. चरताना खातात तसं सावकाश, दिवसभर. संध्याकाळी नालबंदाने पेटाऱ्याभोवती सांडलेलं गवत गोळा केलं. ते त्याच्या एका मुठीत मावलं. त्याने ती मूठ ताईपुढे धरली, आणि ताई पदराने तोंड पुसायचं निमित्त करून हसली.

त्या थंडीत कोठीतलं गवत असं काही पुरत होतं की नालबंद दिवसातून दोनदा उगाच दार उघडून बघायचा. नाल ठोकायला आलेल्यांना तो आधी मला दाखवायला न्यायचा. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

पण घरात कुणालाच न कळलेली एक गोष्ट मला रोज कळत होती. बाईसाहेबांचे ओठ माझ्या घरांवरून फिरत राहायचे, मऊ आणि गरम, आणि हाती फार थोडं लागायचं. बाकीचे ओढून घ्यायचे. बाईसाहेबांना ओढवत नव्हतं. मिळालेल्या काड्या त्या कितीतरी वेळ चघळायच्या आणि शेवटी ओला गोळा होऊन तो तोंडातून खाली पडायचा. गिळला जायचाच नाही. माझ्यापाशी सगळ्यांत जास्त वेळ त्याच उभ्या असायच्या. "बघा, बाईसाहेब हलतच नाहीत," नालबंद कौतुकाने म्हणायचा. थंडीचे केस इतके दाट वाढले होते की लांबून त्या गुबगुबीत दिसायच्या. मला बोलता आलं असतं तर त्या दिवसांत मी ओरडून ओरडून घसा बसवला असता.

एका दुपारी ताईला पेटाऱ्यापाशी ते गोळे दिसले. तिने एक उचलला, बोटांनी उकलला आणि ओरडली, "उनाडा, तुझीच ही कामं." उनाड तेव्हा लांब पाण्यावर होता. ताईने मान वळवली तर तिच्यासमोर बाईसाहेबांच्या तोंडातून एक गोळा पडला. मग तिने हात त्यांच्या पाठीवर ठेवला आणि बोटं केसांच्या आत घातली. हात तिथेच थांबला.

तिने भावाला हाक मारली. त्यानेही तसाच हात घातला. बरगड्या एकेक करून त्याच्या बोटांना लागल्या असणार, कारण तो पेटाऱ्याच्या कडेवर मटकन बसला.

"रोज हिचे पाय हातात घेतो मी," तो म्हणाला. "रोज. आणि तो मेला दलाल खरं सांगून गेला."

"केस किती आहेत बघ. कुणाला दिसणार?"

"जाळी काढ, ताई. मोकळं घालतो पहिल्यासारखं."

"मोकळं घातलंस तरी हिला चावता कुठे येतंय? आणि गवत संपलं की तो येऊन घेऊन जाईल तिला."

तबेल्यात वेगळं घालून बघितलं. भट्टीवरच्या कोमट पाण्यात बारीक कापलेलं गवत भिजवून दिलं. पण कळपावाचून बाईसाहेब त्याला तोंड लावेनात. दाराशी उभ्या राहून खिंकाळत राहिल्या. उघडं घमेलं कुरणात ठेवलं तर उनाडाने ते पहिल्या फटक्यात पालथं घातलं. नालबंद टेकीला आला. दुसऱ्या दिवशी सकाळी ताई कातर घेऊन माझ्यापाशी आली.

धडधाकट घर कधी कापायचं नाही, ही तिच्या कामाची शिस्त होती. फाटलेलं सांधायचं, चांगल्याला कातर लावणं म्हणजे पाप. कातर हातात धरून ती नुसतीच उभी राहिली. मग भावाला म्हणाली, "आयुष्यभर निसटू न देणाऱ्या जाळ्या विणल्या रे मी. इथे द्यायचं होतं, ते हातांच्या ध्यानातच आलं नाही."

आणि तिने कापलं. मला दुखलं, खोटं कशाला सांगू. एकेक गाठ सुटताना वाटलं, आता मी उसवत जाणार. पण नालबंदाने बाईसाहेबांचा जुना लगाम आणला होता. त्याचं चामडं कापून त्याने भोकाच्या कडेने शिवलं, नाल ठोकताना असतो तसा जिभेचं टोक दातांत धरून. खाली पेटाऱ्यात फळी ठोकली, तिच्यावर घमेलं बसवलं आणि त्यात भिजवलेलं गवत भरलं. ताईने त्या भोकाला नाव दिलं, बाईसाहेबांची खिडकी.

वहिनी लेकीला कडेवर घेऊन कुंपणापाशी आली होती. "आता चौघंही इथूनच खातील," ती म्हणाली. "कुणाचं घोडं कुठे अडलंय, हे शोधायला लांब जायला नको."

आणि उनाड आलाच, सवयीप्रमाणे सगळ्यांच्या पुढे. त्याने खिडकीत नाक घातलं. बाईसाहेबांनी एक कान मागे टाकला. दुसरा टाकायची वेळच आली नाही. उनाड दोन पावलं मागे सरला आणि पेटाऱ्याच्या पार पलीकडच्या बाजूला जाऊन मुकाट्याने काड्या ओढू लागला. मग त्यांनी तोंड आत घातलं. ओलं गवत चघळल्याचा आणि, ज्याची सगळे वाट बघत होते तो, गिळल्याचा आवाज आला. नालबंद पाठमोरा झाला आणि उगाचच कुंपणाची तार तपासू लागला.

थंडी सरली. दलाल दोर घेऊन आला तेव्हा कुरणात हिरवं फुटलं होतं आणि कोठीच्या कोपऱ्यात अजून गवत शिल्लक होतं. त्याने बाईसाहेबांच्या पाठीवर हात फिरवला आणि चाट पडला. "दाढा नवीन बसवल्यास की काय?"

"तू म्हणालास तशाच आहेत," नालबंद म्हणाला. "बरोबरच सांगितलं होतंस तू." आणि माझ्याकडे बोट दाखवलं. दलालाने खिडकीत कोपरापर्यंत हात घालून बघितलं. त्या दिवशी बाईसाहेबांनी दोन्ही कान मागे टाकले. दलाल हात काढून घेत म्हणाला, "बरं, राहू दे." तो पुन्हा दोर घेऊन आला नाही.

बाईसाहेब त्यानंतर आणखी काही थंड्या जगल्या. गेल्या त्या उन्हात, नव्या गवतावर आडव्या होऊन, कुणाला त्रास न देता. नालबंदाने त्यांचे नाल स्वतः काढले. त्या दिवशी पेटारा रिकामाच राहिला. पुढेही तो मला काही दिवस बांधायचा, पण खिडकीकडे बघायचं टाळायचा. उनाड त्या बाजूला फिरकायचाही नाही, आपला पलीकडे उभा राहून खायचा. एक दिवस नालबंदाने मला सोडवलं, झटकलं आणि दारामागे टांगलं. "नवीन जाळी आणू," एवढंच म्हणाला. त्या खिडकीतून दुसऱ्या कुणी खाल्लेलं त्याला बघवलं नसतं. मला ते समजलं. राग आला नाही, पण वाईट फार वाटलं.

खिळ्यावरून जेवढं कळतं तेवढं मला कळत राहिलं. ऐरणीवरचा घणाचा आवाज बदलला; पाळण्यातली ती लेक मोठी होऊन बापाच्या भट्टीवर उभी राहिली होती. मग वहिनीचा आवाज यायचा बंद झाला. थोरला आणि धाकटा एकापाठोपाठ गेले, नवे घोडे आले. ताई अजूनही तबेल्याच्या दारात स्टूल टाकून बसते. डोळे अधू झालेत, बोटं वाकडी झालीत, सुई धरवत नाही. विणणं तिने भाचीला शिकवलं. माझ्यावर कोळ्यांनी आपल्या जाळ्या बांधल्या. विणकाम बरं होतं त्यांचं, पण गाठ कच्ची.

परवा भाची कुरणातून आली आणि ताईच्या तळहातावर तिने काहीतरी ठेवलं. "आत्या, हे बघ."

ताईने ते चाचपलं. ओला, चघळलेला गोळा होता तो.

"कुणाचा?"

"उनाडाचा."

ताईने तो मुठीत धरला. उनाड आणि म्हातारा, हे दोन शब्द तिने कधी शेजारी ठेवून बघितलेच नव्हते. मग म्हणाली, "दारामागची काढ."

भाचीने मला उतरवलं, अंगणात नेऊन धुतलं, उन्हात धरलं. "अगं, केवढं भोक आहे. बसल्या बसल्या विणून टाकते," ती म्हणाली आणि सुई शोधू लागली.

"सुई ठेव खाली," ताई म्हणाली. "तेवढं तसंच राहू दे."

नालबंद ओट्यावर ऊन खात बसला होता. त्याने मला मांडीवर घेतलं. चामडं वाळून कडक झालं होतं. तेलाची वाटी मागवून तो दुपारभर खिडकीच्या कडेने अंगठा फिरवत बसला. मध्येच म्हणाला, "हिच्या लगामाचं आहे." लेकीला आत्याने मघाशीच ते सांगितलं होतं, तरी तिने "हो का?" म्हटलं.

तर अशी मी आज पुन्हा पेटाऱ्यावर आले आहे. खाली घमेल्यात भिजवलेलं गवत आहे. तुमच्याकडे घोडे असतील तर जाळी जरूर विणा. गवत वाचतं, आणि वाचलेल्या गवतावर एखादं म्हातारं जनावर घरी राहतं. फक्त विणण्याआधी खाणाऱ्याच्या दाढा बघा, आणि पाठीवरून हात फिरवाल तो केसांच्या आत घालून फिरवा. वरून सगळेच बरे दिसतात.

मघाशी उनाड आला. डोळ्यांभोवती पांढरा झालाय, चालतो सावकाश. सवयीने पलीकडच्या बाजूला गेला, काड्या ओढून बघितल्या, त्या ओल्या होऊन खाली पडल्या. "अरे, इकडे ये," नालबंद कुंपणापाशी उभा राहून म्हणाला. "तुझीच आहे आता ती."

उनाड वळून खिडकीपाशी आला आणि थांबला. मान वर करून त्याने शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघितलं, जिथे त्या उभ्या राहायच्या. कान टवकारून बराच वेळ तसाच उभा होता. तिथे कुणी कान मागे टाकला नाही. मग त्याने हळूच नाक आत घातलं, तेच मऊ ओठ, तोच गरम श्वास, थेट आईसारखा.

आता मी बोलणं थांबवते. तो खातोय, आणि मला हलायचं नाहीये.